खुबा बदलण्याआधी वाचवण्याची मुदत

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो, त्या बंद पडल्या की गोळ्याच्या आतले हाड मरू लागते. वैद्यकाच्या पुस्तकात याला ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात आणि दवाखान्यात नुसते एव्हीएन. खुब्याची नेहमीची झीज साठी ओलांडलेल्यांना गाठते. एव्हीएन मात्र बहुतेकदा विशी ते पन्नाशीतल्या माणसाला धरते. ज्या वयात माणूस फवारणीचा पंप पाठीवर घेतो, उसाची मोळी डोक्यावर चढवतो, दिवसभर वाकून कापूस वेचतो, नेमक्या त्या वयात त्याचा खुबा निकामी होतो. गोळा खचण्याआधी आजार सापडला, तर माणसाचा स्वतःचा खुबा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. गोळा एकदा खचला, की बहुतेकांपुढे कृत्रिम खुबा बसवणे एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. या दोन टप्प्यांमधले अंतर अनेकदा काही महिन्यांचे असते, फार तर दोन-तीन वर्षांचे. उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावातून या आजाराकडे पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. खुबा वाचवणारी शस्त्रक्रिया आपल्या अस्थिशल्यचिकित्सकांना चांगली येते, पण रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा ती करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या ऑपरेशनवर जेवढे लक्ष आणि पैसा जातो, तेवढीच निकड सरकारने पहिल्या टप्प्यातल्या निदानाला दिली पाहिजे.

वेळ कशी निघून जाते, हे समजण्यासाठी आधी दुखणे पाहावे लागेल. खुब्याचा गोळा कंबरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या हाडाच्या मानेवरून वर चढतात आणि त्यांना पर्यायी वाट फारशी नसते. त्या चेमटल्या, तुटल्या किंवा चरबीच्या कणांनी, गुठळ्यांनी बुजल्या, की गोळ्याच्या वरच्या भागातले हाड उपाशी मरते. मेलेले हाड लगेच मोडत नाही. शरीर ते काढून नवे घालू पाहते, आणि या दुरुस्तीच्या काळातच ते सर्वांत कमकुवत असते. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार पडतो. त्या भाराखाली कूर्चेच्या खालचा हाडाचा पातळ थर तडकतो आणि गोळा चपटा होतो. या सगळ्या काळात रुग्णाची तक्रार अगदी मोघम असते: जांघेत ठणका, मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरणारी कळ, मांडी घालून बसताना ओढ, मोटरसायकलवर पाय टाकताना अडकल्यासारखे वाटणे. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचा एक्स-रे होतो. कंबर दुखते म्हणून ‘गॅप आहे’, ‘नस दबली’ असे सांगून पट्टा दिला जातो. कोणी वात म्हणतो, कोणी मालिश सुचवतो. खुबा तपासायला हवा हे लक्षात येईपर्यंत माणूस लंगडू लागलेला असतो.

खुब्याचा एक्स-रे काढला, तरी पहिल्या टप्प्यात तो फसवतो. वाळवीने आतून पोखरलेला वासा बाहेरून शाबूत दिसावा, तसे हे हाड एक्स-रेमध्ये काही काळ अगदी निरोगी दिसते. त्याची घनता बदलायला वेळ लागतो आणि एक्स-रे फक्त घनताच टिपतो. एमआरआय मात्र हाडातल्या मज्जेचे बदल दाखवतो. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ असतानाही आजार पकडण्याची त्याची क्षमता जवळजवळ पूर्ण मानली जाते. शिवाय हा आजार पुष्कळदा दोन्ही खुब्यांत असतो. एक बाजू दुखते आणि दुसरी गप्प असते. वाचवता येण्यासारखा खुबा अनेकदा तो गप्प असलेलाच असतो. त्याची खबर फक्त दोन्ही बाजूंच्या एमआरआयमधून मिळते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काळजीचे कारण नाही’ हे वाक्य तिशीतल्या, जांघ धरून आलेल्या रुग्णाला सांगताना डॉक्टरांनी दोनदा विचार करायला हवा. स्टिरॉइड घेतलेल्या, दारू पिणाऱ्या किंवा सिकलसेल असलेल्या रुग्णाबाबत तर ते वाक्य धोक्याचेच आहे.

आता ढाणकीचा नकाशा या वैद्यकीय वेळापत्रकावर ठेवून पाहा. ढाणकी यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला. त्याहून जवळ पडते नांदेडचे विष्णुपुरीतले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या महसूल विभागात. ढाणकीच्या बाजारात उतरणारी माणसे आसपासच्या खेड्यांतून आणि पैनगंगा अभयारण्यालगतच्या, ‘बंदी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातून येतात. तिथून ढाणकी गाठणे हेच पावसाळ्यात एक काम असते. रुग्णाची वाट साधारण अशी असते: आधी गावातला इंजेक्शन देणारा, मग ढाणकीतला दवाखाना, मग उमरखेड किंवा पुसद, आणि मग यवतमाळ किंवा नांदेड. प्रत्येक टप्प्यावर पेरणी, निंदणी, वेचणी, ऊसतोडीची उचल यांपैकी काहीतरी आड येते. रोजंदारी बुडवून, गाडीभाडे खर्चून एमआरआयसाठी मोठ्या शहरात जायचे आणि ‘काही निघाले नाही तर?’ ही शंका मनात बाळगायची, हे ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याला परवडत नाही. त्याने उशीर केला म्हणून त्याला बोल लावणे सोपे आहे. पण त्याने घेतलेला निर्णय त्याच्या परिस्थितीत शहाणपणाचाच असतो. बदलायची आहे ती परिस्थिती.

आजाराची कारणे पाहिली, तर हा भाग धोक्याच्या बाहेर नाही हेही कळते. अपघातात खुब्याच्या हाडाची मान मोडणे किंवा खुबा निखळणे हे एक कारण. त्याखेरीजच्या रुग्णांत जगभर दोन कारणे सर्वांत ठळक आहेत: स्टिरॉइड आणि दारू. स्टिरॉइड हे जीव वाचवणारे औषध आहे, हे आधी निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. दमा, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही आजार यांत त्याला पर्याय नसतो. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवून दिले, की ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात. पण त्या चाचणीतली मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे हे औषध ही मर्यादा सोडून वापरले गेले. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद केली. तिघेही चाळिशीच्या आतले होते. त्यांना मिळालेले स्टिरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके होते आणि लक्षणे कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत दिसली. एरवी धोक्याची समजली जाणारी मात्रा याहून बरीच जास्त आणि कालावधी याहून बराच लांब असतो. तीन रुग्णांवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही, पण सावध होण्यासाठी तीन पुरेसे आहेत.

कोविड सरला, तरी ग्रामीण भागातली स्टिरॉइडची सवय सरलेली नाही. ताप आला, सांधे धरले, अंग ठणकले की एका दिवसात बरे करणारी सुई लोकांना हवी असते आणि ती देणारे जागोजागी आहेत. त्या सुईत बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन असते. सांधेदुखीच्या काही ‘जडीबुटी’ पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, हेही डॉक्टरांना ठाऊक आहे. रुग्णाला आपण स्टिरॉइड घेतल्याचे माहीतच नसते, त्यामुळे पुढे विचारल्यावर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि निदानाचा एक महत्त्वाचा धागा तुटतो. दारूचे तर सांगायलाच नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी दीर्घ आंदोलन केले, ते संसार उद्ध्वस्त होताना पाहून. यकृताबरोबर खुबाही जातो, ही गोष्ट त्या आंदोलनाच्या बाजूने मांडण्यासारखी आहे, आणि ती अजून पुरेशी मांडली गेलेली नाही.

विदर्भात तिसरे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे: सिकलसेल. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि गोळ्याचा रक्तपुरवठा तोडतात. १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पाच वर्षांवरील २,५९० सिकलसेल रुग्ण तपासले गेले, त्यांतल्या सुमारे १० टक्क्यांच्या खुब्यात एव्हीएन होते, तेही एक्स-रेवर दिसण्याइतके. यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध असे आदिवासी समाज आहेत, आणि विदर्भात सिकलसेल अनुसूचित जातींमध्येही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे. रक्ताची तपासणी करून कार्ड हातात देणे हे या अभियानाचे पहिले पाऊल आहे आणि ते मोलाचे आहे. पण ज्याला आजार आहे हे आपल्याला कार्डावरून आधीच कळले, त्याच्या खुब्याबद्दल दरवर्षी एकदा विचारायला काय हरकत आहे? ज्या रुग्णांमध्ये एव्हीएनचा धोका सर्वाधिक, त्यांची यादी सरकारकडे आहे. तरीही खुबा खचल्यावरच आपण त्यांना शोधणार असू, तर त्या यादीचा उपयोग अर्धाच झाला.

खुबा वाचवणारी शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय? तिचा सर्वांत रुळलेला प्रकार आहे कोअर डिकंप्रेशन. १९६०च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझ येथे फिका आणि आर्ले हे डॉक्टर अशा खुब्यांच्या आत भोक पाडून हाडातला दाब मोजत आणि तपासणीसाठी तुकडा काढत. त्या भोकानेच रुग्णांची वेदना कमी होते, हे त्यांच्या ध्यानात आले. कल्पना साधी आहे. हाडाच्या बंदिस्त कवचात वाढलेला दाब मोकळा करायचा, म्हणजे रक्त पुन्हा वाहू शकेल आणि नवे हाड धरायला जागा मिळेल. मांडीच्या बाजूने छोटा छेद घेऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत मेलेल्या भागापर्यंत एक जाड किंवा अनेक बारीक भोके पाडली जातात. काही ठिकाणी त्यात रुग्णाच्याच कंबरेच्या हाडातली मज्जा किंवा हाडाचा चुरा भरतात. काही केंद्रांत पोटरीचे बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसह आणून गोळ्याला आधार देतात, पण त्यासाठी सूक्ष्मशस्त्रक्रियेचे कौशल्य लागते. जपानच्या सुगिओका यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत गोळाच फिरवून मेलेला भाग भाराखालून बाजूला नेतात. या सगळ्यांत कोअर डिकंप्रेशन सर्वांत सोपे. त्यासाठी महागडे रोपण लागत नाही. अस्थिरोग विभाग, सी-आर्म आणि भूल देण्याची सोय असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात ते करता येते. ते पुढे खुबा बदलण्याची वाट बंद करत नाही, हाही त्याचा मोठा गुण आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो गंभीर आहे. ही शस्त्रक्रिया उपयोगी पडते याचा पुरावा एकजिनसी नाही. १९९५ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी ३७ खुब्यांची यादृच्छिक चाचणी केली. शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात, सुमारे चार-पंचमांश खुबे खचले. सिकलसेलच्या रुग्णांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत व्यायामोपचारासह कोअर डिकंप्रेशन केलेल्या गटात साधारण तीन वर्षांनंतर ८२ टक्के खुबे टिकले होते, तर नुसत्या व्यायामोपचाराच्या गटात ८६ टक्के. उलट बाजूने, १९९६ मध्ये मॉन्ट आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात कोअर डिकंप्रेशन केलेल्या १,२०६ खुब्यांपैकी ६३.५ टक्क्यांचा निकाल समाधानकारक होता. शस्त्रक्रियेविना ठेवलेल्या ८१९ खुब्यांत हे प्रमाण २२.७ टक्के होते. मग विश्वास कशावर ठेवायचा? चाचण्या छोट्या आहेत, हे एक उत्तर. दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. निकाल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: गोळा खचला आहे की नाही, आणि गोळ्याचा किती भाग मेला आहे. मेलेला भाग, म्हणजे डाग, छोटा आणि गोळा न खचलेला असेल तर आशा चांगली. मोठा डाग असेल तर कमी. खचलेला असेल तर जवळजवळ नाहीच. मिश्र पुराव्यातून शस्त्रक्रिया सोडून द्या असा निष्कर्ष निघत नाही. रुग्ण लवकर शोधा आणि नीट निवडा, असा निघतो. सिकलसेलच्या चाचणीतूनही दिलासाच मिळतो. वेळेवर निदान झाल्यास भोक न पाडता, काठी, वजनाचे नियमन आणि व्यायाम यांच्या आधारावरही पुष्कळ खुबे काही वर्षे टिकवता येतात. दोन्ही बाबतींत पूर्वअट एकच आहे: लवकर निदान.

दुसरा आक्षेप असा, की कृत्रिम खुबा आता इतका चांगला झाला आहे की जुना वाचवण्याचा खटाटोप कशाला? खुबा बदलणे ही आधुनिक वैद्यकाची मोठी कामगिरी आहे आणि खचलेल्या खुब्याच्या रुग्णाला ती नाकारणे अन्याय ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे मोठ्या शस्त्रक्रियांचे दार गरिबालाही उघडले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण आकडे वयासह वाचावे लागतात. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार साधारण ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. सत्तरीतल्या माणसाला हे आयुष्यभर पुरते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांत पुन्हा शस्त्रक्रियेची आयुष्यभराची शक्यता सुमारे ५ टक्के होती. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती सुमारे ३० टक्क्यांपर्यंत चढली. मग बत्तिसाव्या वर्षी बदललेल्यांचे काय? त्यांना आयुष्यात एकदा, कदाचित दोनदा पुन्हा ऑपरेशनला सामोरे जावे लागणार, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, महाग आणि धोक्याची असते. सिकलसेलच्या रुग्णात तर गुंतागुंतीचा धोका पहिल्याच वेळी जास्त असतो.

इथे शेतातल्या कामाचा विचार वेगळा करावा लागतो. परदेशातल्या आकड्यांमागचा माणूस खुर्चीत बसतो, खुर्चीवर जेवतो, कमोड वापरतो. ढाणकीच्या आसपासची बाई उकिडवी बसून निंदते, उकिडवी बसून चुलीपुढे भाकरी करते. घरातली सगळी माणसे मांडी घालून जेवतात. कृत्रिम खुबा बसवल्यावर बहुतेक शल्यचिकित्सक अशा बसण्याला मनाई करतात किंवा फार जपून परवानगी देतात, कारण खुबा निखळण्याची आणि लवकर झिजण्याची भीती असते. म्हणजे कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी होते, वेदना जाते, आणि तरीही तिचे शेतातले काम कायमचे जाते. घरातल्या बाईची मजुरी हीच जिथे महिन्याची रोकड असते, तिथे स्वतःच्या खुब्याची दहा वर्षे म्हणजे मुलांच्या शिक्षणाची दहा वर्षे. खुबा वाचवण्याचा प्रयत्न पूर्ण यशस्वी न होता नुसता बदलण्याची वेळ दहा वर्षांनी पुढे ढकलू शकला, तरी तो सार्थकी लागला, असे मी ठामपणे म्हणेन.

तिसरा आक्षेप पैशांचा. प्रत्येक जांघदुखीला एमआरआय केला तर कोणता जिल्हा तो खर्च पेलेल? कोणताच नाही, आणि तशी मागणीही नाही. गाळणी आधी लावायची असते. वीस ते पन्नास वयाचा रुग्ण, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेले जांघेचे किंवा मांडीचे दुखणे, आणि पाय आत वळवताना होणारी वेदना किंवा अडथळा एवढे पाहायला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला दोन मिनिटे लागतात. त्याबरोबर चार प्रश्न: स्टिरॉइड किंवा झटपट आराम देणाऱ्या सुया-पुड्या घेतल्या का, दारू किती, सिकलसेल आहे का, खुब्याला पूर्वी मार लागला होता का. तपासणीत संशय आला आणि यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दोन्ही खुब्यांचा एक्स-रे. तो स्वच्छ असला तरी एमआरआय, आणि तो पंधरा दिवसांच्या आत. एकही ‘हो’ नसेल तरी दुखणे हटत नसल्यास तोच मार्ग, कारण अनेक रुग्णांत कारण सापडतच नाही. अशा गाळणीतून उरणाऱ्या रुग्णांची संख्या मर्यादित असेल. त्यांच्या एमआरआयचा आणि येण्याजाण्याचा खर्च एका खुबा बदलाच्या आणि त्यामागोमाग बुडणाऱ्या मजुरीच्या तुलनेत लहान आहे. आपल्या आरोग्य योजनांचा भर भरती झालेल्या रुग्णाच्या उपचारावर आहे. बाह्यरुग्ण म्हणून करायच्या तपासणीपाशी गरीब माणूस अडकतो, आणि ही मेख काढल्याशिवाय शस्त्रक्रियेची फुकट सोय त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचणार नाही.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. लवकर निदानाचा आग्रह धरला, की लवकर शस्त्रक्रियेचा बाजार उभा राहील. घाबरलेल्या तरुणाला ‘स्टेम सेल’च्या नावाखाली लाखोंचे पॅकेज विकले जाईल. ही भीती खरी आहे. मज्जेतल्या पेशी गोळ्यात सोडण्याच्या उपचाराबद्दल काही आशादायक अभ्यास आहेत, पण तो हमखास बरा करणारा उपाय म्हणून विकणे फसवणूक आहे. तोंडाने घ्यायच्या औषधांबाबतही हेच. ॲलेंड्रोनेट या हाडे मजबूत करणाऱ्या औषधाचा एव्हीएनमधला वापर मुंबईत डॉ. अगरवाला यांनी दीर्घकाळ अभ्यासला आणि चांगले निकाल नोंदवले. तैवानमधल्या एका छोट्या चाचणीने त्याला दुजोरा दिला, तर तिथल्याच पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. अशा अनिश्चिततेवर उभ्या राहणाऱ्या बाजारावरचा इलाज तो बंद करणे हा नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी ही सेवा स्वतः देणे हा आहे. तिथे रुग्णाला डागाचा आकार, टप्पा, यशाची शक्यता आणि ‘काहीही न करता थांबण्याचा’ पर्याय मराठीत समजावून सांगितला जावा, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे त्या खुब्याची नोंद ठेवली जावी. मोफत आणि प्रामाणिक पर्याय शेजारच्या शहरात असला, की महागड्या आश्वासनांची मोहिनी आपोआप उतरते.

जपानचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे कारण न सापडणाऱ्या आणि स्टिरॉइड-दारूमुळे होणाऱ्या खुब्याच्या एव्हीएनला सरकारने दुर्धर आजारांच्या अधिकृत यादीत स्थान दिले. १९७०च्या दशकापासून एक संशोधन समिती देशभरातल्या रुग्णांचा अभ्यास करते आणि रुग्णांना उपचारखर्चात मदत मिळते. आजार मोजला गेला, म्हणून निदानाचे समान निकष ठरले आणि कोणता डाग खचेल याचे अंदाज पक्के होत गेले. महाराष्ट्राला एवढ्या मोठ्या पसाऱ्याने सुरुवात करण्याची गरज नाही. यवतमाळ, नांदेड, नागपूर या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागांनी एक सामाईक नोंदवही सुरू केली, आठवड्यातला एक दिवस खुब्याच्या दवाखान्यासाठी ठेवला आणि जिल्ह्याची हद्द न पाहता एकमेकांकडचे रुग्ण घेतले, तरी मोठा बदल होईल. ढाणकीच्या रुग्णाला जवळचे नांदेड सोडून दूरच्या यवतमाळला पाठवण्यात कागदाची सोय आहे, रुग्णाची नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाचाही हिशोब धरायला हवा, नाहीतर सगळी योजना तिथेच फसेल. कोअर डिकंप्रेशननंतर साधारण सहा आठवडे कुबड्यांवर, पूर्ण वजन न टाकता चालावे लागते. जड काम तर त्यानंतरही काही महिने नको. शेतमजुराला हे सांगायला दोन शब्द लागतात, पाळायला दीड महिन्याची मजुरी लागते. ती मिळाली नाही, तर तो तिसऱ्या आठवड्यात कुबड्या टाकून कामावर जाणार आणि भोक पाडलेला खुबा मोडण्याचाही धोका पत्करणार. क्षयरोगाच्या रुग्णांना पोषणासाठी महिन्याला थेट खात्यात पैसे देण्याची पद्धत या देशात रुजली आहे. खुबा वाचवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांचा निर्वाह भत्ता त्याच धर्तीवर देता येईल. रुग्णसंख्या मर्यादित, मुदत ठरलेली आणि शस्त्रक्रियेची नोंद सरकारी रुग्णालयातच, त्यामुळे गैरवापराला वावही कमी.

ज्या भागात अपुरा पाऊस, कर्ज आणि शेतकरी आत्महत्या यांनी आधीच घरे खचली आहेत, तिथे खुब्यासारख्या एका सांध्याबद्दल एवढा आग्रह का, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे, की या भागातल्या कुटुंबाची शेवटची मिळकत त्याच्या कामकऱ्या माणसाचे शरीर असते. बैल विकता येतो, जमीन गहाण ठेवता येते. खुबा गेला की कमाईच थांबते. त्यामुळे कामाच्या वयातला खुबा वाचवणे हा शेतीच्या अर्थकारणाचाही प्रश्न आहे. पुढच्या सिकलसेल तपासणी शिबिरात प्रत्येक रुग्णाला ‘जांघ दुखते का’ हा प्रश्न विचारायचा ठरवले, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला एमआरआयची चिठ्ठी थेट लिहिण्याचा अधिकार दिला आणि ती तपासणी योजनेत बसवली, तर त्यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. डॉक्टर आहेत, महाविद्यालये आहेत, यादीही आहे. जिल्हा प्रशासनाने आणि वैद्यकीय शिक्षण विभागाने एकत्र बसून हे तीन निर्णय घ्यावेत आणि वर्षाअखेरीस जिल्ह्यात किती खुबे बदलले यासोबत किती खुबे खचण्याआधी सापडले, हा आकडाही जाहीर करावा. जो आकडा दरवर्षी लोकांपुढे मांडावा लागतो, त्याची काळजी यंत्रणा घेऊ लागते.